डावं-उजवं कानाला कसं कळतं? एका जुन्या कोड्याची पार्श्वभूमी

डोळे मिटलेले असले तरी हाक कोणत्या बाजूने आली ते आपल्याला कळतं. याचं एक उत्तर अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी दिलं होतं: जवळच्या कानाला आवाज मोठा लागतो, डोक्याआडच्या कानाला लहान. पुढे बराच काळ यावरच भिस्त राहिली.

इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना मात्र त्यात खोट दिसली. 1870च्या दशकात इंग्लंडमधल्या टर्लिंग गावी, आपल्या घराच्या हिरवळीवर ते डोळे मिटून उभे राहत आणि चहूबाजूंनी माणसं बोलत किंवा नादकाटे वाजवत. नादकाट्याचा शुद्ध सूर पुढून आला की मागून, हे सांगता येईना. डावं-उजवं मात्र चुकत नसे, अगदी खर्जातही. खर्जाच्या लहरी मीटरभराहून लांब असतात आणि डोक्याला सहज वळसा घालतात. गणित केलं तर दोन कानांवरच्या तीव्रतेतला फरक जवळपास शून्य निघे. मग बाजू कळते कशावरून?

1904मध्ये आरगॉनच्या शोधासाठी नोबेल मिळालं, तरी हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. 1907मध्ये त्यांनी किंचित वेगळ्या कंपनसंख्येच्या दोन नादकाट्यांचे सूर एकेका कानाला ऐकवले. आवाज डावी-उजवीकडे फिरू लागला! दोन सुरांच्या लहरी एकमेकींच्या मागेपुढे सरकत होत्या, आणि हे मागेपुढे असणं म्हणजे कलांतर. कानाला कलांतर कळतं हे मानायला रॅले आधी राजी नव्हते. प्रयोगापुढे त्यांनी ते मानलं, आणि मला या इतिहासात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. तेव्हापासूनची मांडणी अशी: खालच्या सुरांसाठी दोन कानांवर लहर पोचण्याच्या वेळेतला फरक, साधारण 1500 हर्ट्झच्या वरच्या सुरांसाठी तीव्रतेतला.

हा वेळेचा फरक फार तर 0.7 मिलिसेकंद असतो. सरावलेल्या माणसाला त्यातला 0.01 मिलिसेकंदही जाणवतो, आणि मज्जातंतूतला एक स्पंद तर सुमारे मिलिसेकंदभर टिकतो. मेंदूला हे जमतं कसं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनी 1948मध्ये कल्पना मांडली की दोन्ही कानांचे संदेश कमी-जास्त लांबीच्या वाटांनी येतात आणि ज्या पेशीपाशी एकाच क्षणी पोचतात, ती पेशी दिशा सांगते. कॅथरीन कार आणि मासाकाझू कोनिशी यांना गव्हाणी घुबडाच्या मेंदूत नेमकी अशीच रचना सापडली. सस्तन प्राण्यांत मात्र ती तशी दिसली नाही. 2001मध्ये गिनीपिगवरच्या कामात आढळलं की अनेक पेशी त्यांच्या डोक्याच्या रुंदीला शक्य असलेल्या फरकापेक्षा मोठ्या फरकालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यामुळे मेंदूचे दोन अर्धे भाग आपापल्या प्रतिसादाची तुलना करून बाजू ठरवतात, असा दुसरा विचार पुढे आला. माणसाच्या बाबतीत यातलं कोणतं खरं, यावर अजून वाद आहे.