काळा घोडा

काळा घोडा : मुंबईच्या फोर्ट भागातील चौक व त्याच्या लगतचा परिसर. महात्मा गांधी मार्गावर डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि जहांगीर कलादालन (१९५२) यांच्या सान्निध्यात तो येतो. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले तो १९६५ मध्ये येथून हलवला गेला. नाव मात्र हलले नाही. सार्वजनिक शिल्पाने शहराला ओळख दिल्याचे मुंबईतील हे सर्वांत ठळक उदाहरण म्हणता येईल.

मूळ पुतळा प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड यांचा, अश्वारूढ. त्यांच्या १८७५-७६ मधील भारतभेटीची आठवण म्हणून बगदादी ज्यू व्यापारी सर आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम (१८३४–९०) जन्माने व्हिएन्नाचे, कारकीर्द लंडनची. भेटीचे वर्ष हेच पुतळ्याचे वर्ष समजण्याची चूक होऊ शकते. अनावरण १८७९ मधील मानणे योग्य. त्यास सरसकट ‘राजा सातव्या एडवर्डचा पुतळा’ म्हणणेही काटेकोर नाही. ते गादीवर आले १९०१ मध्ये, आणि तोवर पुतळ्याने चौकात वीसहून अधिक पावसाळे काढले होते.

नावातील ‘काळा’ या शब्दाचे स्पष्टीकरण बरेचदा ‘पुतळा काळ्या दगडाचा होता’ असे दिले जाते. हे मत टिकत नाही. पुतळा कांस्याचा आहे आणि भायखळ्यास तो आजही पाहता येतो. शहरातील धूर व समुद्राची खारी, दमट हवा यांमुळे कांस्यावर गडद थर धरतो. ओतशाळेतही रसायनांनी तशी छटा देण्याची रीत असल्याने सगळे श्रेय हवेला देता येत नाही. जवळच्याच भागात मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा (१८७२) होता. त्या पांढऱ्या राणीशेजारी हा घोडा अधिकच काळा भासला असावा. (दामोदर चापेकर यांनी १८९६ मध्ये राणीच्या पुतळ्यालाही डांबर फासले, तो इतिहास वेगळा.)

रंगापेक्षाही बोलके आहे ते स्वाराचे गळून पडणे. भावी सम्राट खोगिरावर बसलेला असताना लोकांनी चौक ओळखला तो घोड्यावरून. भायखळ्याच्या ‘खडा पारशी’ या पुतळ्याचीही तीच गत : करसेटजी माणेकजी हे नाव मागे पडले, उभे राहण्याची ढब तेवढी उरली.

१९६५ नंतर पुतळा राणीच्या बागेत (आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान), डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवण्यात आला. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे पोर्तुगीज नाव ज्याच्यामुळे मिळाले तो दगडी हत्तीही याच आवारात आहे. जागांना नावे देऊन स्वतः तेथून उठलेली दोन जनावरे अशी एकत्र आली.

चौकातील मोकळी झालेली जागा वाहनतळाकडे गेली. १९९९ पासून येथे भरणाऱ्या कला महोत्सवाने परिसराचे नाव शहराबाहेर नेले. २०१७ मध्ये वाहनतळालगत नवा घोडा उभारण्यात आला. शिल्पकार श्रीहरी भोसले. त्याच्या पाठीवर स्वार नाही.