एकाच सपाट चित्रातले जवळचे-लांबचे डोंगर

पुणे-लोणावळा लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर मळवलीच्या आसपास बाहेर नीट बघा. रुळांलगतचे खांब सपासप मागे पडतात, भातखाचरं जरा सावकाश सरकतात, लोहगड-विसापूर मात्र बराच वेळ खिडकीतच असतात. या वेगांच्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. हाच पॅरलॅक्स. १८३८ साली खगोलशास्त्रज्ञ बेसेलने एका ताऱ्याचं अंतर काढलं, तेही याच तत्त्वावर. व्हिडिओ गेम करणाऱ्यांनी तो उलटा वापरला. पडद्यावर अंतर नसतंच, पण वेग वेगवेगळे ठेवले की डोळा ते आहे असं धरून चालतो.

१९८२च्या 'मून पट्रोल' या गेममध्ये गाडीमागचे डोंगर असेच थराथराने सरकत. पण प्रत्येक थराला यंत्राची जादा ताकद लागते. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या गेमयंत्राला असे दोनच थर होते. १९९१च्या 'सॉनिक' या गेममध्ये, ग्रीन हिलच्या टप्प्यात, त्यातला एक नायक सॉनिकच्या पायाखालच्या जमिनीतच खर्ची पडला. मग ढग, डोंगर आणि पाणी उरलेल्या एकाच थरात असूनही वेगवेगळ्या वेगाने कसे सरकतात?

याचं उत्तर जुन्या, जाड काचेच्या टीव्हीत आहे. त्यावर चित्र एकदम उमटत नाही; इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली एकेक ओळ रंगवत येतो. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीत एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. मेगा ड्राइव्हचं चित्र साधारणपणे २२४ ओळींचं, आणि ओळ किती आडवी सरकवायची याचा आकडा प्रत्येक ओळीसाठी वेगळा देता येई. लांबच्या डोंगरांच्या ओळींना लहान आकडा द्यायचा, पाण्याच्या ओळींना खाली यावं तसा वाढत जाणारा. चित्र सपाटच राहतं, पण त्याच्या ओळी कमीजास्त घसरतात आणि पाणी क्षितिजापासून थेट आपल्यापर्यंत पसरलेलं दिसतं. 'स्ट्रीट फायटर २'मधल्या लढतीची जमीनही अशीच खोल भासते. मला ही सगळ्यांत देखणी युक्ती वाटते. त्रिमितीचं अवघड गणित कुठेच नाही, नुसत्या आकड्यांच्या एका रांगेवर सगळं भागलं आहे!

पाण्याची चमक त्याहून स्वस्तात येते. तिथे चित्राला हातच लावत नाहीत, ठरलेल्या निळ्या छटांची आपसात अदलाबदल करत राहतात.

धबधब्याची गोष्ट मात्र वेगळी. मेगा ड्राइव्हवर अर्धपारदर्शक रंगांची सोय जवळजवळ नव्हती. म्हणून धबधबा एकाआड एक उभ्या रेघांनी काढला. मधल्या फटींतून मागचं दृश्य दिसे. टीव्हीला जोडणाऱ्या साध्या व्हिडिओ केबलमध्ये शेजारचे रंग एकमेकांत मिसळत, त्यामुळे रेघा विरघळून पाणी पारदर्शक वाटे. हाच गेम आजच्या स्वच्छ, रेखीव पडद्यावर लावला तर त्या रेघा सुट्या-सुट्या दिसतात. गेममध्ये काही बिघडलेलं नसतं, रंग मिसळणारी ती केबल तेवढी मधून निघून गेलेली असते.