दाढ चांगलीच असते, दुखत असते ती नस

सलमान खानने आपल्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, होता असं सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि पुढची बातमी आली की विसरूनही गेले. पण हा काही सिनेमावाल्यांचा आजार नाही, पन्नाशीनंतर आणि त्यातही बायकांना जास्त होतो, आणि कळ गालात, हिरडीत, जबड्यात येते म्हणून पेशंट आधी डेंटिस्टकडेच जातात. ओळखीतल्या एका काकूंच्या दोन धडधाकट दाढा अशाच गेल्या, कळ तिथेच. बोलता बोलता थांबायच्या, डोळे घट्ट मिटून हात गालाजवळ न्यायच्या पण लावायच्या नाहीत, कारण लावला की परत कळ. काही सेकंदात सगळं शांत, त्यामुळे घरच्यांना वाटायचं उगाच करतायत.

होतं काय, तर चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या देठात जिथे शिरते तिथे बहुतेकांच्या बाबतीत एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते आणि दर ठोक्याला तिच्यावर आपटते. नेमक्या याच भागात मायलिन, म्हणजे नसेच्या तंतूंवरचं आवरण, बनवणाऱ्या पेशी बदलतात, बाहेर श्वान (Schwann) नावाच्या पेशी आणि आत ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणून ती जागा नाजूक. वर्षानुवर्षं घासून वायरचं प्लास्टिक निघावं तसं मायलिन जातं, उघडे तंतू एकमेकांना चिकटतात आणि स्पर्शाचा सिग्नल शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी मारतो! म्हणून पंख्याचा वारा, दात घासणं, चूळ भरणं, एवढ्यानेही करंट बसल्यासारखी कळ. त्यात उघड्या जागी सोडियम चॅनल, म्हणजे सिग्नल सुरू करणारी तंतूवरची बारीक दारं, गोळा होतात, त्यामुळे एकदा ठिणगी पडली की तंतू आपले आपणच धडाधड सिग्नल सोडत राहतात, मग थकतात, आणि तेवढा वेळ गालाला हात लावला तरी बऱ्याचदा काही होत नाही.

ब्रूफेन, पॅरासिटामॉल इथे सहसा चालत नाही, सूज हे कारणच नाही ना. चालते ती कार्बामाझेपिन ही फिट्सवरची गोळी, कारण ती भराभर उघडणारे सोडियम चॅनलच अडवते. फिट्सची गोळी का दिली म्हणून घाबरून कुणी फेकून देऊ नये.

आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा पाडून दाखवणारे अजून आहेत, त्यांच्या नादी लागू नका. दातात असा किडा नसतोच, बॅक्टेरियाच्या ॲसिडने दात पोखरला जातो. हा आजार मधेच काही आठवडे, महिने आपोआप थांबतो, श्रेय मात्र धुरीवाल्याला.

रक्तवाहिनी नसेला दाबते हे वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने 1934 मध्येच लिहिलं होतं, पुढे पीटर जॅनेटाने मायक्रोस्कोपखाली ती बाजूला करण्याचं ऑपरेशन रूढ केलं, आता दोघांच्या मधे टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवतात. पण आधी न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय, तरुण पेशंट असेल तर नक्कीच, कारण मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूतलं मायलिन खराब करणाऱ्या आजारातही अशीच कळ येते. गोळी चालू असताना अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.