लहान मुलांच्या खेळाच्या जागा : प्रश्न पायाखालच्या जमिनीचा

लहान मुलांसाठी खेळाची जागा करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी आधी कॅटलॉग उघडला जातो. घसरगुंडी कोणती, झोपाळे किती, रंग कोणते. जमिनीचा विषय शेवटी, उरलेल्या पैशांत. खरे तर क्रम उलटा हवा. पडलेल्या मुलाला किती लागेल हे खाली काय आहे यावर ठरते, आणि व्हीलचेअरवरचे मूल खेळण्यापर्यंत पोचणार की कडेला बसून बघणार हेही तीच जमीन ठरवते. सुरक्षिततेची मागणी आणि सर्वांना सामावून घेण्याची मागणी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी केली. दोघींची गाठ पडली ती या जमिनीवर, आणि तिथे त्यांचे सुरुवातीला फारसे पटले नाही.

सुरुवात मात्र मऊ मातीतच झाली. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. फ्रोबेल यांच्या बागेत प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा, शिवाय सगळ्यांचा मिळून एक सामाईक वाफा अशी योजना होती. पुढे बर्लिनच्या सार्वजनिक बागांत मुलांना खेळायला वाळूचे ढीग टाकू लागले. बॉस्टनच्या डॉक्टर मरी झाक्रझेव्हस्का यांनी १८८५ च्या उन्हाळ्यात ते पाहिले आणि घरी पत्र लिहून कळवले. त्या पत्रावरून तिथल्या एका स्वयंसेवी संस्थेने नॉर्थ एंड या दाटीवाटीच्या, स्थलांतरितांच्या वस्तीत एका चॅपलच्या आवारात वाळू ओतली. अमेरिकेतल्या खेळाच्या मैदानांची चळवळ इथून मोजतात. वाळूत उंचावरून पडायची सोय नाही, पाळीसाठी रांग नाही, आणि नुसते बसता येणारे मूलही तिथे खेळू शकते. एवढे सगळे एका ढिगात जमले होते, आणि ते कोणी ठरवून केलेले नव्हते.

लोखंड आले ते व्यायामशाळेतून. बॉस्टनलाच १८८९ मध्ये चार्ल्सबँक इथे नदीकाठी खुली व्यायामशाळा झाली; आखणी उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांची. बार, शिड्या, लोंबत्या कड्या ही मोठ्यांची साधने हळूहळू मुलांच्या मैदानात उतरली. १९०६ मध्ये अमेरिकेत मैदानांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि अशा साधनांचा प्रसार झपाट्याने झाला. जंगल जिमची, म्हणजे चढायच्या आडव्या-उभ्या दांड्यांच्या सांगाड्याची, कथा त्यातल्या त्यात गमतीची. शिकागोचे वकील सेबॅस्टियन हिंटन यांनी १९२० च्या सुमारास त्याचे पेटंट मागितले, पण मूळ कल्पना त्यांच्या गणितज्ञ वडिलांची. मुलांना चौथी मिती कळावी म्हणून त्यांनी बांबूचा सांगाडा उभारला होता. मुले अर्थातच नुसती चढली.

साधने उंच होत गेली आणि खालची जमीन कडक. न्यूयॉर्कमध्ये १९३४ नंतर उद्यान विभागाचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांच्या कारकिर्दीत सहाशेहून अधिक मैदाने झाली, त्यांतली बरीच डांबरी. डांबरावर चिखल होत नाही, पाणी साचत नाही, झाडू मारला की झाले. देखभाल करणाऱ्याच्या नजरेतून बघितले तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९३३ मध्ये मांडलेली कल्पना, जमिनीलाच उतार आणि पायऱ्या देऊन सगळ्या भूखंडाचा खेळ करायची, मोझेस यांनी धुडकावली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास युरोपात वेगळे वळण मिळाले. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की मुले सजवलेल्या मैदानापेक्षा बांधकामाच्या जागेवर जास्त रमतात. जर्मन ताबा असतानाच, १९४३ मध्ये, कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे फळ्या, विटा, दोर आणि भंगार मुलांच्या हवाली करणारे मैदान सुरू झाले. मुलांबरोबर एक जाणता माणूस कायम हजर असे. सुरक्षिततेची भिस्त त्याच्यावर. युद्धानंतर ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी ते पाहिले आणि ब्रिटनमध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर तसलीच मैदाने करण्याचा पाठपुरावा केला. पुढे १९७० मध्ये लंडनच्या चेल्सी भागात अपंग मुलांसाठी असे मैदान सुरू होण्यामागेही त्याच होत्या. ही पायरी महत्त्वाची आहे. अपंग मुलांना साहसी खेळ मिळाला, पण पहिल्यांदा तो स्वतंत्र आवारात मिळाला.

ॲम्स्टरडॅममध्ये वास्तुरचनाकार आल्डो फान आयक १९४७ पासून रिकाम्या कोपऱ्यांत मैदाने आखत होते. तीसेक वर्षांत ती सातशेच्या वर गेली. त्यांचा वाळूचा खड्डा निरखून पाहण्यासारखा आहे. काँक्रीटचा कठडा बुटका आणि चांगला रुंद. त्यावर मोठ्यांना बसता येते, मुलांना वाळूचे गोळे मांडता येतात, तोल सांभाळत चालता येते, आणि धरून उभे राहायला शिकणाऱ्या बाळाला आधार होतो. कठडा कशासाठी आहे हे कुठेही लिहिलेले नाही. बहुतेक ठिकाणी भोवती कुंपणही नव्हते. आजच्या तपासनिसाला ते खपणार नाही.

तपासनीस आले ते १९७० नंतर. १९७८ मध्ये शिकागोत एक अगदी लहान मूल उंच घसरगुंडीवरून डांबरावर पडून कायमचे जायबंदी झाले. दावा चालला आणि मोठी भरपाई द्यावी लागली. अशा खटल्यांनी नगरपालिका धास्तावल्या. १९८१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पहिली मार्गदर्शिका काढली, युरोपात १९९८ मध्ये समान मानके आली.

या नियमांत निरीक्षण किती बारीक आहे याचा नमुना म्हणजे फटीचा नियम. कठड्यातली फट साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यान असू नये. आपल्याला वाटते मूल डोके घालून अडकेल. प्रत्यक्षात लहान मूल बऱ्याचदा पाय आधी सोडते, मग धड सरकते, आणि डोके वर अडकते. खाली पाय टेकत नाहीत. म्हणून फट एकतर धडही जाणार नाही इतकी अरुंद हवी, नाहीतर डोकेसुद्धा सहज निघेल इतकी मोठी. जमिनीचीही परीक्षा सुरू झाली. आत संवेदक बसवलेला धातूचा डोक्याएवढा गोळा उंचावरून सोडायचा आणि धक्का मोजायचा. धक्क्याचे गणित मोटार अपघातांच्या संशोधनातून आलेले. डांबर त्यात साफ नापास झाले. वाळू, बारीक गोटे, लाकडाच्या चिपा पास झाल्या, रबरी लाद्याही.

इथेच दोन मागण्या समोरासमोर आल्या. १९८९ च्या बालहक्क करारातले ३१ वे कलम खेळाला हक्क म्हणते, आणि २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळता यावे असे स्पष्ट लिहिले आहे. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्याखाली २००० मध्ये खेळाच्या जागांचे नियम ठरले. वाळू आणि गोटे पडणाऱ्याला झेलतात, पण चाक त्यांत रुतते. रबर दोघांना चालते, म्हणून ते सगळीकडे पसरले. ते महाग असते, जुने झाले की कडक होते, आणि उन्हात इतके तापते की अनवाणी पाय भाजतात. दोन वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त, कारण भाजले तरी झटकन पाय उचलून पळायचे त्यांना सुचत नाही. सावलीचा विचार कॅटलॉगमध्ये नसतो.

नियम किती साधनांपर्यंत पोचता येते याच्या मोजदादीचे असल्याने एक विचित्र प्रकारही घडला. लांबलचक रॅम्प चढून व्हीलचेअरवरचे मूल मचाणावर पोचते आणि तिथे त्याच्यासाठी असतो फक्त फिरवायच्या चकत्यांचा एक फलक. बाकीची मुले घसरून खाली गेलेली. सामावून घेणे म्हणजे चाकाची वाट एवढेच नाही हे अशा अनुभवांतून उमगत गेले. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला खेळ दिसेल असा शांत कोपरा, कमी दिसणाऱ्यासाठी पायरीच्या कडेला ठळक रंग, पाठीला आधार असलेला झोपाळा बाकीच्या झोपाळ्यांच्याच ओळीत, या गोष्टी नंतर आल्या.

२००० नंतर उलटी तक्रारही वाढली : सगळे गुळगुळीत, सगळे सारखे, मुले कंटाळतात. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये जोखमीच्या खेळाचे उंची, वेग, धोक्याची अवजारे वगैरे सहा प्रकार मांडले. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने २०१२ मध्ये सांगून टाकले की धोका शून्यावर आणणे हे उद्दिष्टच नाही. मातीही परतली. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणांत जंगलातल्या जमिनीचा थर आणून पसरला, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांत विविधता वाढल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

सध्या बऱ्याच ठिकाणी तडजोड केली जाते : खेळण्यापर्यंत पक्की वाट, बाजूला माती आणि वाळू, पडण्याच्या जागी दाबून बसणाऱ्या लाकडी तंतूंचा थर. या थरावर चाकही चालते. मात्र झोपाळ्याखाली पाय घासून घासून खळगा पडतो. थर नेमका तिथेच पातळ होतो जिथे मूल पडण्याची शक्यता जास्त, आणि चाक अडकते तेही त्याच खळग्यात. त्यावर उपाय म्हणजे खाली रबरी चटई आणि नेमाने दाताळे मारणारा माणूस. चटई कंत्राटात असते. माणसाची तरतूद क्वचितच असते.