कार्बन उत्सर्जनाचे प्रेरक घटक (खानदेशाच्या संदर्भात)

कार्बन उत्सर्जनाचे प्रेरक घटक : विकसनशील प्रदेशातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या उत्सर्जनाची वाढ लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि तंत्रज्ञान या तीन घटकांत विभागून पाहण्याची पद्धत. देशांच्या तुलनेसाठी ती रूढ आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशासारख्या लहान प्रदेशाला लावताना मात्र तिच्या मर्यादा लवकर उघड्या पडतात.

या पद्धतीमागील सूत्राच्या (आघात = लोकसंख्या × संपन्नता × तंत्रज्ञान) जनकत्वाबद्दल एकमत नाही. पॉल अर्लिक व जॉन होल्ड्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये पर्यावरणावरील आघात म्हणजे लोकसंख्या गुणिले दरडोई आघात, अशी मांडणी केली आणि लोकसंख्येवर भर दिला. त्याच सुमारास अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर यांनी दोष युद्धोत्तर उत्पादनतंत्राकडे वळविला. लोकसंख्या, संपन्नता व तंत्रज्ञान यांच्या त्रिपदी गुणाकाराचे श्रेय सर्रास अर्लिक-होल्ड्रेन यांना दिले जाते. काही अभ्यासकांच्या मते ते बीजगणिती रूप प्रथम कॉमनर यांच्या लेखनात, बहुधा १९७२ मध्ये, आढळते. हे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी १९९० च्या आसपास तंत्रज्ञानाचे पद दोन भागांत फोडले : उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे निघणारा कार्बन. डाएट्झ व रोझा या समाजशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मूळ त्रिपदी गुणाकाराला संख्याशास्त्रीय रूप दिले. त्यामुळे प्रत्येक घटकाचा परिणाम गृहीत न धरता मोजता येऊ लागला. काया यांचे चार पदांचे समीकरण व्याख्येनेच खरे असते. त्यातून हिशेब मिळतो, कारण मिळत नाही. समजा, लोकसंख्या वर्षाला १ टक्का व दरडोई उत्पन्न ५ टक्के वाढले, उत्पन्नाच्या रुपयामागील ऊर्जा २ टक्के आणि ऊर्जेच्या एककामागील कार्बन अर्धा टक्का घटला, तर उत्सर्जन साधारण साडेतीन टक्के वाढते. पण उत्पन्न वाढले म्हणून तंत्र बदलले की उलटे झाले, हे त्यावरून कळत नाही.

उत्पन्न एका टप्प्यापलीकडे गेले की प्रदूषण उतरते, असे ग्रोसमन व क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये सुचविले होते. त्यांचा पुरावा मुख्यतः गंधक डाय-ऑक्साइड व धुरासारख्या, जवळच जाणवणाऱ्या प्रदूषकांचा होता. कार्बन डाय-ऑक्साइडबाबत तो बराच कच्चा आहे. भारताचे दरडोई वार्षिक उत्सर्जन सुमारे २ टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी असल्याने हा टप्पा येथे तूर्त दूरच आहे.

लोकसंख्या. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात सुमारे ४२ लाख, धुळ्यात साडेवीस लाख व नंदुरबारमध्ये साडेसोळा लाख लोक होते. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने त्यानंतरचे सर्व आकडे अंदाजी आहेत.

उत्पन्न व शेती. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यातील केळी पाण्यावर, म्हणजे विहिरी व कूपनलिकांवरील पंपांवर उभी आहे. बऱ्याच कृषिपंपांना मीटर नाही. आकारणी अश्वशक्तीवर होते, त्यामुळे शेतीच्या विजेचा आकडाच मुळात अनुमान असतो. पंपाला लागणारी थ्री फेज वीज रात्री येणार म्हणून शेतकरी ऑटो स्टार्टर बसवतो. वीज आली की मोटर आपोआप चालू होते, वाफ्याला पाणी हवे असो वा नसो. जळगावात रुजलेल्या ठिबकने एकरी पाणी वाचते, पण वाचलेले पाणी बहुधा आणखी केळीकडेच जाते. काटकसरीने एकूण वापर वाढू शकतो, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबाबत दाखविले होते.

चुलीचा हिशेब वेगळाच आहे. कपाशी उपटल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या सरपणातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड आंतरराष्ट्रीय नोंदपद्धतीत ऊर्जाक्षेत्राच्या बेरजेत धरत नाहीत. गॅसचा मात्र धरतात. म्हणून चूल सोडून सिलिंडर घेणारे घर कागदावर अधिक उत्सर्जन करणारे ठरते, धूर कमी झाला तरी.

तंत्रज्ञान. भुसावळजवळील दीपनगर येथील औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन संच असून त्यांत ६६० मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल संचाची भर पडली आहे. सुपरक्रिटिकल संचात बाष्पाचा दाब व तापमान जास्त असल्याने प्रतियुनिट कोळसा कमी लागतो. ही वीज राज्याच्या जाळ्यात जाते. उत्सर्जन चिमणीच्या जागी नोंदवले तर जळगावचा दरडोई आकडा फुगतो, ग्राहकाच्या नावे नोंदवले तर मुंबई-पुण्याकडे सरकतो. विकसनशील प्रदेशांच्या अभ्यासात दुसरी रीत अधिक न्याय्य दिसते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या व २०१३ मध्ये सुरू झालेला १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे. त्यांचे श्रेयही याच नियमाने वाटावे लागेल.

नंदुरबार. आदिवासीबहुल व राज्यात सर्वांत कमी उत्पन्नाच्या जिल्ह्यांत गणला जाणारा हा जिल्हा सूत्रात जवळपास दिसत नाही. सातपुड्यातील अक्कलकुवा-धडगाव भागात इंधन मुख्यतः लाकूड असून जंगलाच्या वापराची नोंद उर्जेऐवजी भूवापराच्या रकान्यात होते.