दिवाळी बोनस: ‘सानुग्रह’ शब्दामागची शंभर वर्षं

दिवाळी तोंडावर आली की महापालिकांत कामगार संघटना आणि प्रशासन यांच्या बैठका सुरू होतात. आकडा ठरतो, बातमीत ‘बोनस’ छापून येतं, परिपत्रकात मात्र ‘सानुग्रह अनुदान’ असतं. सानुग्रह म्हणजे मेहरबानीने दिलेलं. मेहरबानीवर हक्क सांगता येत नाही. बोनसचं शंभर वर्षांचं भांडण याच एका मुद्द्यावर चालत आलंय.

घरगड्याला, टपालवाल्याला दिवाळीची पोस्त देण्याची चाल जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांतला बोनस मात्र पहिल्या महायुद्धातून आला. महागाई भडकली होती आणि गिरण्या भरघोस नफ्यात होत्या. मालकांनी 1917 साली पगारावर 10 टक्के ‘युद्ध बोनस’ दिला, पुढच्या वर्षी तो 15 टक्के केला. युद्ध संपल्यावर वार्षिक बोनस सुरू झाला, साधारण एका महिन्याच्या पगाराइतका. काही वर्षं तो न चुकता मिळाला आणि कामगार तो आपल्या कमाईतच धरू लागले. मग 1923चा बोनस मालकांनी नाकारला. जानेवारी 1924मध्ये दीड लाखाच्या वर कामगार संपावर गेले.

सरकारने उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कामगारांचा या रकमेवर दावा पोचतो का, हा तिच्यापुढचा प्रश्न. उत्तर आलं: तिन्हींपैकी कशानेच पोचत नाही. शिवाय त्या वर्षीच्या नफ्यात बोनस बसतही नाही. मार्चअखेर संप मोडला. माझ्या मते खोट प्रश्नातच होती. मूळ पगारात घर चालत होतं का, हे विचारायला हवं होतं. ते सोडून देणाऱ्याने काय म्हणून दिलं, एवढंच तपासलं गेलं. ‘भेट’ म्हटलं की भेट, ही सोय मालकांना तिथे मिळाली आणि पुढची कित्येक वर्षं पुरली.

दर दिवाळीला मोबाइलवर एक गोष्ट फिरते. वर्षाचे 52 आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे तेरा पगार; इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू करून तेरावा बुडवला, तो परत मिळाला म्हणजे बोनस. पण मुंबईच्या गिरण्यांत पगार आधीपासूनच महिन्याने होत असे, आणि 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, हा आकडा कायद्यात आला तो थेट 1970च्या दशकात.

त्याआधी 1950 साली कामगार तंट्यांच्या अपील न्यायाधिकरणाने सूत्र बांधलं: नफ्यातून घसारा (यंत्रं-इमारतींची झीज), यंत्रांच्या नूतनीकरणाचा निधी, कर आणि भांडवलावर 6 टक्के परतावा वजा करायचा, जे उरेल त्यात कामगारांचा वाटा. दान नव्हे, वाटा, हे पहिल्यांदा पक्कं झालं. पण वजाबाकी मोठी, उरायचं थोडं. त्याच वर्षी बोनसवरूनच मुंबईच्या गिरण्या 63 दिवस बंद राहिल्या.

1965च्या बोनस कायद्याने तोट्यातल्या कारखान्यालाही किमान 4 टक्के बंधनकारक केले, कमाल मर्यादा 20. नफा नसताना द्यायचा म्हणजे तो राहिलेला पगारच झाला, असं संघटना म्हणाल्या. पुढे किमान दर 8.33 झाला; आणीबाणीत 1975 साली तो पुन्हा 4वर आणला, तोही शिल्लक उरली तरच; 1977 साली 8.33 परत आला. स्थानिक स्वराज्य संस्था या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. परिपत्रकात ‘सानुग्रह’ येतं ते यामुळे.

आता खासगी नोकरीतली पगारपत्रिका बघा. ‘स्टॅच्युटरी बोनस 583’, म्हणजे कायद्याने द्यावा लागणारा बोनस, अशी ओळ पुष्कळ ठिकाणी दिसते. बोनस कायद्याच्या 2015च्या दुरुस्तीने हिशेबासाठी महिना 7,000 रुपये किंवा किमान वेतन, यांतलं जे जास्त ते धरायचं ठरलं, 7,000चे 8.33 टक्के म्हणजे 583. सीटीसीत, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या एकूण वार्षिक पॅकेजमध्ये, आधीच मोजलेली ही रक्कम महिन्याच्या महिन्याला पगारात जिरते आणि दिवाळीला हातात वेगळं काही पडत नाही. त्या कायद्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 21,000च्या वर गेला की हा हक्कही संपत असे. ही मर्यादा 1 एप्रिल 2014पासून लागू धरली होती. 2019च्या वेतन संहितेत (ती नोव्हेंबर 2025मध्ये लागू झाली) बोनसचा कायदा विलीन झाला आणि मर्यादेचा आकडा ठरवणं सरकारी अधिसूचनेवर सोडलं गेलं.