'राइट' कमांडची पार्श्वभूमी: माझ्या टर्मिनलवर कोणी लिहायचं?

मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या 'वॉल' कमांडमधलं (लॉग-इन असलेल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप टाकणारी) सुरक्षेतलं भोक जाहीर झालं, तेव्हा आधी हेच मनात आलं की ही कमांड अजून आहे? आहे ना, सर्व्हर बंद करताना सगळ्यांच्या स्क्रीनवर जो इशारा येऊन आदळतो तो त्याच जातीचा.

एकाच मशीनवर बसलेल्यांनी एकमेकांना निरोप टाकणं साठच्या दशकातलं, त्यात शिरत नाही. आपलं 'राइट', म्हणजे एकाच युजरला निरोप टाकणारी कमांड, नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या (लिनक्सचा पूर्वज) पहिल्या मॅन्युअलमध्ये आहे आणि त्याच्याच जोडीला 'मेसेज', निरोप घ्यायचे ('वाय') की नाही ('एन') ते ठरवणारी (स्पेलिंगमधली काही अक्षरं सवयीप्रमाणे खाल्लीत). एन्टर मारला की ओळ समोरच्याच्या स्क्रीनवर, तो तेव्हा काहीही करत असो. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कोणी व्हीआय या एडिटरमध्ये प्रोग्रॅम टाइप करत असला की मुद्दाम 'चहा?' पाठवायचो, त्याच्या कोडच्या मधोमध चहा उमटायचा आणि तो बिचारा कंट्रोल-एल दाबून स्क्रीन पुन्हा काढायचा. दोघं एकदम टाइप करायला लागले की सगळा काला, म्हणून मॅन्युअलनेच वायरलेसवाल्यांसारखं बोलणं संपलं की 'ओ' आणि निघताना 'ओओ' टाका असं सुचवलं. पुढे बर्कलेच्या युनिक्समधल्या 'टॉक'ने स्क्रीनचे दोन भाग केले आणि तो प्रश्न मिटला.

खरा वाद वेगळाच. युनिक्समध्ये टर्मिनल म्हणजे एक फाइल, तेव्हा निरोप पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या फाइलमध्ये लिहिणं, आणि 'मेसेज एन' केलं म्हणजे काय तर त्या फाइलवरची इतरांची लिहायची परवानगी काढली, बस. पण डिफॉल्ट 'वाय' ठेवायचं की 'एन'? सुरुवातीला सरळ 'वाय', परवानगी ६२२, म्हणजे कोणीही 'राइट' न वापरता थेट त्या फाइलमध्ये काहीही ओतावं. आणि काही टर्मिनल अशी होती की ठरावीक एस्केप कोड (स्क्रीनला हुकूम देणारी न दिसणारी अक्षरं) आला की स्क्रीनवरची ओळ युजरनेच टाइप केल्यासारखी मशीनला परत पाठवायची. थोडक्यात, मी निरोप पाठवणार आणि कमांड तुमच्या नावावर चालणार! त्यावर ऐंशीच्या दशकात उपाय निघाला तो 'टीटीवाय' नावाच्या ग्रुपचा: परवानगी ६२०, लिहिणार फक्त तो ग्रुप, आणि 'राइट', 'वॉल' हे त्या ग्रुपच्या अधिकाराने चालणार, एस्केप कोड गाळून. आता सगळी भिस्त त्या गाळणीवर. माझ्या मते तेव्हाच डिफॉल्ट 'एन' करायला हवं होतं, पण गप्पांची सवय कोण सोडणार.

२०२४ चं भोक नेमकं त्या गाळणीतलं. बाहेरून आत ओतलेला मजकूर 'वॉल' गाळत होतं, पण कमांडसोबतच लिहून दिलेला मजकूर २०१३ पासून तसाच जात होता, अकरा वर्षं. त्यातून दुसऱ्याच्या टर्मिनलवर पासवर्ड मागणारा खोटा सूडो (जादा अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) प्रॉम्प्ट काढता यायचा. तडाख्यात आले उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ हे लिनक्सचे अवतार, कारण तिथे 'वॉल'ला ग्रुपचा अधिकारही होता आणि डिफॉल्टही 'वाय'. सेंटओएस या दुसऱ्या अवतारावर 'वॉल'ला तो अधिकारच नव्हता, त्यामुळे ते सुटलं.

गंमत म्हणजे त्याच डेबियन-उबुंटूमध्ये रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) प्रोफाइल फाइलमध्ये 'मेसेज एन' आधीपासून लिहिलेलं असतं. व्हेग्रंटने (आभासी मशीन उभं करणारं साधन) मशीन उभं करताना 'हे टीटीवाय नाही', म्हणजे इथे टर्मिनलच नाही, अशी जी लाल ओळ यायची आणि आपण दुर्लक्ष करायचो, ती त्याचीच.